सोळाशे मायक्रोसेकंदांची बेरीज

इंटेलच्या ८०८७ या मॅथ कोप्रोसेसरच्या, म्हणजे मुख्य प्रोसेसरशेजारी बसून अपूर्णांकी (फ्लोटिंग पॉइंट) गणित करणाऱ्या चिपच्या, माहितीपुस्तकात एक छोटा तक्ता आहे. एका रकान्यात ८०८७ला लागणारा वेळ आणि दुसऱ्यात तेच काम ८०८६ या मुख्य प्रोसेसरने नुसत्या सॉफ्टवेअरच्या जोरावर केलं तर लागणारा वेळ. दोन्ही ५ मेगाहर्ट्झला. बेरजेला साधारण १७ मायक्रोसेकंद विरुद्ध १६००. भागाकाराला ३९ विरुद्ध ३२००. वर्गमुळाला ३६ विरुद्ध १९,६००. ‘कोप्रोसेसर बसवला की शंभरपट वेग’ हे वाक्य असल्याच आकड्यांवर उभं आहे, आणि या तक्त्यापुरतं ते खरंही आहे.

मला मात्र या तक्त्यातली सगळ्यात बोलकी ओळ वर्गमुळाची वाटत नाही. ती आहे ‘लोड’ची. मेमरीतला ६४ बिटांचा आकडा नुसता उचलून रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या साठवणीच्या जागेत) आणायचा, त्यात गणित काहीच नाही. ८०८७ला त्यासाठी १० मायक्रोसेकंद लागतात आणि सॉफ्टवेअरला १७००. म्हणजे आकडा उचलण्याचा खर्च दोन आकड्यांच्या बेरजेपेक्षा जास्त. एकेरी अचूकतेचा गुणाकारही १६००लाच होतो, बेरजेइतक्याच. आकडेमोड हेच मुख्य काम असतं तर गुणाकार बेरजेच्या कितीतरी पुढे जायला हवा होता. तसं झालं नाही, याचा अर्थ वेळ दुसरीकडेच कुठेतरी जातो आहे. तो कुठे जातो हे पाहिल्याशिवाय जुन्या पीसींच्या वेगाची कुठलीही तुलना वाचू नये, असं माझं ठाम मत आहे.

१६०० मायक्रोसेकंद म्हणजे ५ मेगाहर्ट्झला ८००० क्लॉक सायकल (घड्याळाचे ठोके). ८०८७चं रजिस्टर ८० बिटांचं असतं. चिन्हाला १ बिट, घातांकाला १५, आणि मँटिसाला (आकड्याच्या मूळ अंकांना) ६४. सोळा बिटांच्या प्रोसेसरवर ६४ बिटांची बेरीज म्हणजे चार शब्द, हातचा पुढे नेत नेत. आकडे रजिस्टरमध्ये असतील तर दर शब्दाला ३ सायकल, म्हणजे सगळे मिळून १२. मग उरलेल्या सायकली कशात गेल्या?

सॉफ्टवेअर इम्युलेटरला, म्हणजे ८०८७ची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला, आधी प्रोसेसरची सगळी रजिस्टरं बाजूला ठेवावी लागतात. मग प्रोग्रॅममधली सूचना वाचायची, तिच्या दुसऱ्या बाइटमधून आकडा कुठे आहे ते ओळखायचं, पत्ता काढायचा. ८०८७ची आठ रजिस्टरं एकावर एक रचलेल्या चळतीसारखी चालतात, म्हणून चळतीत जागा आहे का तेही तपासायचं. आकडा ६४ बिटांचा असेल तर त्याचा ११ बिटांचा घातांक सुटा करून त्यातून १०२३ वजा आणि १६३८३ अधिक करायचे, लपलेला १ समोर आणायचा आणि मँटिसा ११ घरं डावीकडे सरकवायची. आकडा शून्य आहे का, अनंत आहे का, ‘आकडाच नाही’ असा आहे का, हे प्रत्येक वेळी पाहायचं. मग दोन्ही घातांक जुळवण्यासाठी लहान आकडा उजवीकडे सरकवायचा. ८०८६ला हे सरकवणं फार महाग पडतं, कारण एका सूचनेत कितीही घरं सरकवता आली तरी दर घराला ४ सायकल लागतातच, आणि इथे तर चार शब्दांतून बिट ओघळत न्यायचे असतात. त्यानंतर त्या १२ सायकली. आणि मग पुन्हा आकडा सारखा करायचा, राउंडिंग करायचं, अपवाद घडला का ते स्टेटस शब्दात नोंदवायचं, रजिस्टरं परत भरायची.

गुणाकारात खरी आकडेमोड थोडी जास्त असते. चार शब्द गुणिले चार शब्द म्हणजे सोळा आंशिक गुणाकार, आणि ८०८६चा सोळा बिटांचा गुणाकार ११८ ते १३३ सायकल खातो. सोळा वेळा म्हणजे जवळपास २००० सायकल, ४०० मायक्रोसेकंद. पूर्ण अचूकतेच्या गुणाकाराचे तक्त्यातले २१०० मायक्रोसेकंद बघितले तर गुणाकाराची स्वतःची मजुरी त्यात पाचवा हिस्सासुद्धा नाही.

वर्गमुळाचं तसं नाही. तिथे १९,६०० मायक्रोसेकंद खरोखरच गणितात जातात, आणि ८०८७ तेच काम भागाकारापेक्षाही कमी सायकलींत, १८० ते १८६मध्ये, उरकतो. त्या एका ओळीत गुणोत्तर पाचशेच्या वर जातं, आणि स्टोअरच्या ओळीत (२१ विरुद्ध १२००) ते साठाच्याही खाली राहतं. शंभर हा आकडा या दोन टोकांच्या मधला, एवढंच.

आता चिप काय करते ते पाहू. ८०८७ हा ८०८६ किंवा त्याच्याच जातीच्या ८०८८च्या शेजारी बसतो आणि त्याच बसवरून (मेमरीशी जोडणाऱ्या तारांवरून) जाणाऱ्या सगळ्या सूचना वाचत राहतो. ज्या सूचनेचे पहिले पाच बिट ११०११ असतील ती आपली, बाकी मुख्य प्रोसेसरच्या. या सूचनांना ‘एस्केप’ म्हणतात. सूचनेत मेमरीतला आकडा लागत असेल तर त्याचा पत्ता मुख्य प्रोसेसरच काढतो, तिथे एकदा वाचन करतो आणि वाचलेलं टाकून देतो. ८०८७ तेवढ्यात बसवरचा पत्ता टिपून घेतो आणि उरलेले बाइट स्वतः बस मागून घेऊन वाचतो. पत्ता काढण्याची सर्किटं दुसऱ्यांदा बनवावी लागली नाहीत. सुमारे ४५,००० ट्रान्झिस्टरांत १९८० साली हे सगळं बसवायचं होतं, तेव्हा असली काटकसर लागणारच. जॉन पामर आणि ब्रूस रॅव्हेनेल यांची रचना, बर्कलीच्या विल्यम कहान यांचं अंकगणित, आणि प्रत्यक्ष चिप इस्राएलमधल्या इंटेलच्या हाइफा केंद्रात घडलेली. मँटिसा ६४ बिटांची का, याचं उत्तर मला नेहमी सुंदर वाटतं. एका संख्येचा दुसऱ्या संख्येएवढा घात काढताना लॉगॅरिदममध्ये घातांकाचे ११ बिट खर्ची पडतात, म्हणून ५३ बिटांचं उत्तर शाबूत राहायला मधल्या पायऱ्यांत ५३ अधिक ११ बिट लागतात. पुढे १९८५ साली आयट्रिपलई ७५४ हे फ्लोटिंग पॉइंट गणिताचं मानक आलं ते याच पायावर.

चिप शेजारी स्वतंत्रपणे काम करत असल्यामुळे एक धोका तयार होतो. ८०८७ भागाकाराच्या १९३ ते २०३ सायकली मोजत असताना ८०८८ पुढे निघून गेलेला असतो. म्हणून प्रत्येक फ्लोटिंग पॉइंट सूचनेआधी ‘वेट’ ही एका बाइटची सूचना लिहायची, म्हणजे आधीचं काम संपेपर्यंत मुख्य प्रोसेसर थांबतो. उत्तर मेमरीत लिहून झाल्यावर ते मुख्य प्रोसेसरने वाचायच्या आधीही वेट हवीच. असेंब्ली लिहिणाऱ्यांकडून ही दुसरी वेट नेमकी विसरली जाते. इम्युलेटरवर काहीच बिघडत नाही, कारण तिथे सगळं एकामागून एक चालतं. खरी चिप बसवली की मेमरीतून जुनाच आकडा हाती येतो. इम्युलेटरवर बरोबर आणि चिपवर चूक असा प्रोग्रॅम दिसला तर आधी हीच जागा तपासावी.

उलटी अडचणही आहे. चिप नसलेल्या ८०८८ला एस्केप सूचना दिली तर तो तक्रार करत नाही. पत्ता काढतो, वाचतो, टाकून देतो आणि पुढे जातो. उत्तर म्हणून हाती कचरा. वेट दिली आणि टेस्टची पिन (जिच्याकडे पाहून वेट थांबायचं की नाही ते ठरवते) वर राहिली असेल तर मशीन तिथेच कायमचं थांबतं. म्हणून चिप आहे का ते शोधणारा कोड वेट न लावता लिहावा लागतो. चिपला न थांबता इनिशियलाइझ करायचं, मेमरीतल्या एका शब्दात आधी ५ए५ए (हा आणि पुढचे असे आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचे) भरून ठेवायचं, आणि स्टेटस शब्द तिथे लिहायला सांगायचं. खालचा बाइट शून्य झाला तर चिप आहे. ५ए तसाच राहिला तर सॉकेट रिकामं.

एकच प्रोग्रॅम चिप असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही मशीनवर चालावा म्हणून मायक्रोसॉफ्ट आणि बोर्लंडच्या कंपायलरांत जी युक्ती वापरली जाई ती जवळून पाहण्यासारखी आहे. वेटचा बाइट ९बी. त्यामागे एस्केपचा पहिला बाइट डी८ ते डीएफपैकी एक. इम्युलेटरसह लिंक करताना लिंकर (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारं साधन) या दोन बाइटांच्या शब्दात ५सी३२ ही ठरावीक संख्या मिळवतो. मेमरीत लहान बाइट आधी येतो, म्हणून ९बी डी८ हा शब्द डी८९बी असा वाचायचा. त्यात ५सी३२ मिळवले की १३४सीडी येतात, वरचा हातचा सोडून दिला की ३४सीडी. बाइट म्हणून परत मांडले तर सीडी ३४, म्हणजे इंटरप्ट ३४ (चालू काम थांबवून ठरलेल्या कोडकडे उडी मारायची सूचना). डी९ असेल तर ३५, डीए असेल तर ३६, असं ३बीपर्यंत. सूचनेचे पुढचे बाइट जसेच्या तसे राहतात, लांबीही बदलत नाही. चिप नसेल तर या इंटरप्टवर इम्युलेटर बसलेला असतो. चिप असेल तर तिथे एक चिमुकला कोड असतो. तो परतीचा पत्ता दोन बाइट मागे घेतो, सीडी ३४च्या जागी ९बी डी८ लिहितो आणि तीच सूचना पुन्हा चालवायला सांगतो. प्रत्येक जागी इंटरप्टचा खर्च एकदाच. लूप दुसऱ्या फेरीत थेट चिपशी बोलतं. एका बेरजेवर उभी असलेली ही सोय मला त्या काळातल्या सिस्टिम प्रोग्रॅमिंगचा उत्तम नमुना वाटते.

पुढच्या पिढीच्या ८०२८६ प्रोसेसरमध्ये ही कसरत हार्डवेअरनेच संपवली. मशीन स्टेटस शब्दात एक बिट चढवला की कुठलीही एस्केप सूचना थेट इंटरप्ट ७वर जाते, आणि इम्युलेटर तिथे बसवता येतो. सूचनांआधीची वेटही लागत नाही.

इथपर्यंतची तुलना चिप आणि चिपची हुबेहूब नक्कल यांच्यातली होती. पण ज्याला वेग हवा होता तो नक्कल कशाला वापरेल? बोर्लंडच्या टर्बो पास्कल या कंपायलरचा ‘रिअल’ हा आकड्याचा प्रकार ६ बाइटांचा होता. घातांकाला १ बाइट, चिन्ह आणि मँटिसा मिळून ५. तीन सोळा बिटांच्या रजिस्टरांत पूर्ण मावतो. अनंत नाही, ‘आकडाच नाही’ नाही, चळत नाही, स्टेटस शब्द नाही. आंशिक गुणाकार सोळाऐवजी जास्तीत जास्त नऊ. अकरा-बारा अंकांची अचूकता हिशेबाला आणि बऱ्याचशा इंजिनिअरिंगलाही पुरते. अशी बेतून शिवलेली लायब्ररी हुबेहूब नकलेच्या खूप पुढे असते, आणि तिच्याशी तुलना केली की चिपचं ‘शंभरपट’ बरंच खाली येतं. म्हणून ‘चिपशिवाय’ या रकान्यात नेमकं काय चालवलं ते लिहिलेलं नसेल तर तो रकाना माझ्या लेखी निकामी आहे.

याच रिअलमध्ये एक सापळाही आहे. आवृत्ती ४पासून टर्बो पास्कलमध्ये एन+ हा निर्देश देऊन ८०८७ वापरता येऊ लागला, आणि ५मध्ये ई+ने इम्युलेशनही आलं. अनेकांनी जुन्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर एन+ लिहिलं आणि व्हेरिएबल रिअलच ठेवली. ६ बाइटांचा आकडा ८०८७ला कळत नाही. त्यामुळे प्रत्येक लोड आणि स्टोअरला आकडा सॉफ्टवेअरमधून ८० बिटांत आणि परत ४८ बिटांत बदलावा लागतो. चिप बसवूनही वेग हवा तेवढा वाढत नाही तो यामुळे. रिअल काढून डबल (८ बाइटांचा प्रकार) लिहायचं, एवढाच उपाय. मात्र डेटा फाइलमध्ये ६ बाइटांचे आकडे साठवलेले असतील तर ते एकदा वाचून ८ बाइटांत लिहून घ्यावे लागतात. आवृत्ती ३मध्ये टर्बो-८७ हा वेगळा कंपायलर होता आणि त्यात रिअलच ८ बाइटांचा होता, तेव्हा फाइली न जुळण्याचा हा प्रश्न तिथेही होता.

प्रोग्रॅमचा किती वेळ फ्लोटिंग पॉइंटमध्ये जातो, यावर बाकी सगळं ठरतं. वीस टक्के जात असेल तर शंभरपट वेगाच्या चिपने पूर्ण प्रोग्रॅम सव्वापट वेगवान होतो, त्यापुढे नाही. सत्तर टक्के जात असेल तर सव्वातीनपट. स्प्रेडशीटमध्ये बराच वेळ स्क्रीन रंगवण्यात आणि सेलच्या साखळ्या फिरण्यात जातो. लोटस १-२-३ला तर १९८५च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत ८०८७ची दखलच नव्हती, आणि त्याआधीच्या आवृत्तीसाठी चिप घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या प्रोग्रॅमचं उलट. तिथे प्रत्येक रेषेचं रूपांतर आकडेमोडीतून जातं, आणि १९८७च्या रिलीज ९पासून कोप्रोसेसर सक्तीचाच झाला. नॉर्टन युटिलिटीजमधल्या एसआय या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमचा आकडा मात्र या प्रश्नाला उत्तरच देत नाही, कारण तो पूर्णांकांच्या कामाचा आहे. चिप घाला की काढा, तो हलत नाही.

चिप बसवणाऱ्यासाठी सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्यावरचा वेगाचा दर्जा. ८०८७ मुख्य प्रोसेसरच्याच क्लॉकवर चालतो. नुसता ८०८७ हा ५ मेगाहर्ट्झचा, ८०८७-२ हा ८चा, ८०८७-१ हा १०चा. आयबीएम पीसी ४.७७ला चालतो, तिथे साधा पुरतो. ८ मेगाहर्ट्झच्या टर्बो क्लोनमध्ये साधा घातला तर मशीन सुरू होतं, चाचण्याही पास होतात, आणि चिप तापली की उत्तरं बिघडू लागतात किंवा मशीन अडकतं. टर्बोचं बटण बंद केल्यावर दोष गेला तर कारण हेच. ४० पिनांची खाच ८०८८च्या खाचेच्या दिशेलाच ठेवायची, आणि पिना सॉकेटपेक्षा फाकलेल्या असतात म्हणून सपाट पृष्ठावर टेकवून आधी सरळ करून घ्यायच्या. पीसी आणि एक्सटी दोन्हींवर पहिल्या स्विच-पेटीतला दुसरा स्विच ‘ऑफ’ करायचा. तो ‘ऑन’ राहिला तर स्वतः चिप शोधणारे प्रोग्रॅम ती वापरतील, पण बायोसच्या इंटरप्ट ११ला विचारणाऱ्यांना ती दिसणार नाही.

८०२८६च्या जोडीचा कोप्रोसेसर ८०२८७, त्याची गोष्ट विचित्र आहे. आतलं अंकगणित ८०८७चंच, पण तो मेमरीशी स्वतः बोलत नाही. सगळे आकडे ८०२८६ त्याला आय/ओ पोर्टांवरून भरवतो. आणि आयबीएमच्या ६ मेगाहर्ट्झच्या एटीमध्ये त्याला १२ मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा तिसरा हिस्सा मिळायचा, म्हणजे ४. त्यामुळे १९८ सायकलींचा भागाकार जुन्या पीसीवर ४१.५ मायक्रोसेकंदांत व्हायचा आणि नव्या एटीवर ४९.५मध्ये. यावर तोडगा म्हणून २८७ला वेगळा क्रिस्टल देणारे छोटे बोर्ड निघाले. ८०३८६ आला तेव्हा त्याचा कोप्रोसेसर ३८७ तयारच नव्हता, म्हणून १९८६च्या कॉम्पॅक डेस्कप्रो ३८६मध्येही सॉकेट २८७चंच होतं. ३८७ने १९८७मध्ये बेरीज २३ ते ३४ सायकलींवर आणली आणि साइन-कोसाइन थेट दिले. त्याआधी फक्त टॅन होता, तोही शून्य ते पाय भागिले चार एवढ्याच कोनासाठी. सायरिक्स आणि आयआयटी (इंटिग्रेटेड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी) या कंपन्यांच्या चिपा त्याच सॉकेटमध्ये बसत, आयआयटीत तर ४ बाय ४ मॅट्रिक्सचा गुणाकार एका सूचनेत होता. वायटेक कंपनीच्या कोप्रोसेसरचा मार्ग वेगळा. त्याला सूचना मेमरीच्या पत्त्यांमधून जायच्या, आणि त्याच्यासाठी मुद्दाम लिहिलेलं सॉफ्टवेअर नसेल तर तो निव्वळ बसून राहायचा.

याच सुमारास ट्रान्सप्युटरमध्येही (एकत्र जोडून चालवायच्या प्रोसेसरमध्ये) हाच बदल झाला. इनमॉसच्या टी४१४मध्ये फ्लोटिंग पॉइंट सॉफ्टवेअरमधून चाले, टी८००मध्ये तो त्याच चिपवर आला. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला तो याच टी८००वर. चिपवरचं गणित नसतं तर त्या मशीनकडून वैज्ञानिक आकडेमोडीची अपेक्षा ठेवता आली नसती, असं मला वाटतं. पीसीच्या जगात ४८६डीएक्सने १९८९ साली तेच केलं. १९९१च्या ४८६एसएक्समध्ये हा भाग बंद ठेवलेला होता, आणि त्याच्या शेजारी बसणारा ४८७एसएक्स हा प्रत्यक्षात पूर्ण ४८६ होता. तो बसवला की मूळ प्रोसेसर गप्प व्हायचा.

आज जुन्या मशीनवर हे मोजायचं तर सॅव्हेजची चाचणी घ्यावी. १पासून सुरुवात, आणि प्रत्येक फेरीत वर्ग, वर्गमूळ, लॉगॅरिदम, त्याचा उलटा घात, आर्कटॅन, टॅन, आणि शेवटी अधिक १. २४९९ फेऱ्यांनंतर नेमके २५०० यायला हवेत, जेवढे कमी-जास्त तेवढी चूक. वेग आणि अचूकता एकदमच कळतात. टर्बो पास्कलमध्ये टॅन नाही, तो साइन भागिले कोसाइन असा लिहावा लागतो, आणि ते नोंदवावं. नुसती बेरीज किंवा गुणाकार मोजायचा तर रिकाम्या लूपचा वेळ वजा करायलाच हवा. पीसीचा टायमर सेकंदाला १८.२ वेळा टिकतो, म्हणजे ५५ मिलिसेकंदांच्या आतलं काही दिसत नाही. एक टक्क्याच्या आत राहायचं तर चाचणी किमान साडेपाच सेकंद चालली पाहिजे, त्यामुळे चिपसाठी फेऱ्या वाढवून शेवटी फेऱ्यांनी भागायचं.

रकाने तीन ठेवावेत: डबल चिपसह, डबल इम्युलेटरवर, आणि एन- देऊन ६ बाइटांचा रिअल. पहिल्या दोन रकान्यांसाठी चिप उपटायची गरज नाही. बोर्लंडच्या प्रोग्रॅमला डॉसवर ‘सेट ८७=एन’ सांगितलं, किंवा मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमसाठी ‘एनओ८७’ला काहीही किंमत दिली, की तीच फाइल चिप असूनही इम्युलेटरवर चालते. मोजणी झाली की दोन्ही नावं रिकामी करून टाकावीत, नाहीतर त्याच सत्रातले पुढचे सगळे प्रोग्रॅम चिपशिवाय चालत राहतात.